माथेरानची गाडी आणि आमची पीजे

पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची, अडीच फुटी रुळांवरची गाडी, म्हणजेच आमची पीजे, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज टाकायचे आणि तो मार्ग जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायचा, असे ठरल्यापासून आमच्या जळगाव जिल्ह्यात एक वाद सुरू आहे. लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या ओट्यावर, भुसावळच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संध्याकाळच्या बैठकीत तो मी अनेकदा ऐकला आहे. एका बाजूचे लोक विचारतात, माथेरानची छोटी गाडी वारसा म्हणून जपली जाते, मग आमच्या पीजेने काय घोडे मारले होते? दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, पीजे गेली ते योग्यच झाले आणि माथेरानची गाडीही आता बंद करावी. हौशी पर्यटकांना डोंगर दाखवण्यासाठी सरकारने तोटा का सोसायचा? ऐकणाऱ्याला ही दोन टोके वाटतात, पण दोघांच्या बोलण्याचा पाया एकच आहे. दोन्ही गाड्या छोट्या, दोन्ही जुन्या, म्हणून दोघींना एकच न्याय लावायचा, असे दोघेही धरून चालतात. ही समजूतच मला चुकीची वाटते. पीजेच्या जागी ब्रॉडगेज यावे आणि माथेरानची दोन फुटी गाडी चालू राहावी, तीही फेरफटक्याची गंमत म्हणून नव्हे तर त्या गावाची रोजची वाहतूक म्हणून, असे माझे म्हणणे आहे. या दोन मागण्यांत कोणतीही विसंगती नाही. रूळ किती रुंद असावेत याचे उत्तर ते रूळ कोणते काम करतात यावर ठरते, त्यांचे वय किती आहे यावर नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे सहा जण माथेरानला गेलो, तेव्हा हा वाद डोक्यात घेऊनच गेलो होतो. जळगावहून रात्रीची गाडी, पहाटे कल्याण, तिथून कर्जतची लोकल आणि नेरळ, हा आमच्याकडच्या माणसाचा नेहमीचा मार्ग. नेरळला ब्रॉडगेजच्या फलाटाशेजारीच तो दोन फुटी फलाट आहे. गाडी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ती सपाटीवरून घरांच्या परसाजवळून जाते आणि मग डोंगराला भिडते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत, सुमारे २१ किलोमीटरच्या वाटेत ती साडेसातशे मीटरच्या आसपास चढते. वाटेत वळणे इतकी येतात की मघाशी डावीकडे दिसलेला नेरळचा परिसर थोड्या वेळाने उजवीकडे दिसतो आणि आधी ओलांडलेला रूळ खाली पायाशी दिसू लागतो. चढायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी अर्ध्या तासात पोहोचवते. बंद करा म्हणणाऱ्यांचा पहिला आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो खोटा नाही. अर्ध्या तासाचे काम अडीच तासांत करणाऱ्या साधनाला वाहतूक कशी म्हणायची?

पण टॅक्सी जिथे थांबते तिथून माथेरान अजून अडीच-तीन किलोमीटर दूर असते, हे या हिशेबात कोणी धरत नाही. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला जाता येत नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि मोटारींना बंदी तर त्याच्याही आधीपासूनची आहे. ही बंदी हेच माथेरानचे माथेरानपण आहे. तिथली लाल माती, झाडांनी झाकलेल्या वाटा, रात्रीची शांतता या सगळ्या गोष्टी मोटार नसल्यामुळे शिल्लक आहेत. अशा गावात भाजी, धान्य, सिमेंट, गॅसची टाकी, शाळेची पोरे, बाळंतीण आणि म्हातारे आजारी माणूस कसे ये-जा करणार, हा प्रश्न तिथे रोज सकाळी सोडवावा लागतो. घोडे, हमाल, हातगाड्या, हातरिक्षा आणि दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत धावणारी शटल, अशी त्याची उत्तरे आजवर होती. शटलमधून माणसांबरोबर मालाचीही ने-आण होते. मी त्या शटलमध्ये बसलो तेव्हा माझ्यासमोर दोन मुली शाळेची दप्तरे घेऊन बसल्या होत्या, आणि दाराशी एका बाईने पालेभाजीचा हारा पायांत धरून ठेवला होता. त्या तिघींनी एकदाही खिडकीबाहेर पाहिले नाही. ज्या गाडीतून माणसे बाहेर न पाहता प्रवास करतात, ती गाडी त्यांच्या दृष्टीने वाहतूकच आहे.

आता रुंदीचा मुद्दा. पीजे अरुंद होती म्हणून मागास आणि माथेरानची गाडी त्याहून अरुंद म्हणून अधिकच मागास, असे गणित आमच्याकडे सहज मांडले जाते. मुंबईहून खान्देशात परतणाऱ्या प्रत्येकाने कसाऱ्याला गाडी थांबलेली पाहिली आहे. तिथे मागून बँकर इंजिने लागतात आणि ती ढकलत ढकलत गाडीला इगतपुरीपर्यंत वर घेऊन जातात. थळ घाटाचा तो चढ दर ३७ फुटांमागे १ फूट असा आहे, आणि तेवढ्यासाठीही ब्रॉडगेजला बोगदे, उंच पूल आणि जादा इंजिने लागली. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात तर गाडीला थेट चढता येईना म्हणून मध्येच उलट दिशा घेण्याचे स्थानक करावे लागले होते. त्या घाटाचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते काम पुढे चालवून पार पाडले. तिथे राबलेल्या हजारो मजुरांचे मृत्यू मात्र निनावीच राहिले. माथेरानचा चढ दर २० फुटांमागे १ फूट इतका आहे. त्या चढावर आणि त्या अरुंद सोंडांवर ब्रॉडगेज टाकायचे म्हटले तर अर्धा डोंगर कापावा लागेल. दोन फुटी रूळ डोंगराच्या अंगाला बिलगून वळू शकतात, म्हणून त्या संपूर्ण मार्गावर फक्त एक छोटा बोगदा पुरला. तिथे अरुंद रूळ घातले ते पैसे कमी पडले म्हणून नव्हे. त्या जागेला तेच शोभत होते आणि आजही तेच शोभतात. पाचोऱ्याहून जामनेरला जाताना असा कोणता डोंगर आडवा येतो? वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या सगळ्या वाटेवर कपाशीची सपाट काळी रानेच आहेत. तिथे अडीच फुटी रूळ टाकले गेले ते १९१८-१९ च्या सुमारास एका शाखामार्गावर कमीत कमी खर्च करायचा म्हणून. ज्या कारणासाठी ते अरुंद होते ते कारण आज उरलेले नाही. माथेरानचे कारण डोंगर जागेवर आहे तोवर उरणार आहे.

माथेरानची गाडी म्हणजे साहेबांच्या हौसेचा अवशेष, असेही काही जण म्हणतात. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा त्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे मुंबईच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले, हे खरेच आहे. पण रेल्वे काही त्यांनी बांधली नाही. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधली आणि सुमारे १६ लाख रुपये खर्च आला तो वडिलांनी उचलला. एका भारतीय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने डोंगरावर गाडी नेली, तीही त्या काळात जेव्हा भारतातल्या बऱ्याचशा रेल्वे लंडनमध्ये नोंदलेल्या कंपन्या चालवत होत्या. ज्यांना इतिहासावरून न्यायनिवाडा करायचा आहे, त्यांनी निदान तो पुरता वाचावा.

तोट्याचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. डोंगरातली रेल्वे तिकिटांच्या पैशावर चालत नाही. डबे छोटे, प्रवासी थोडे, रूळ आणि दरडी सांभाळायला माणसे पुष्कळ, आणि पावसाळ्याचे सुमारे चार महिने नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद. हे गणित कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारे नाही. पण हेच गणित आपण दुसऱ्या कोणत्या वाटेला लावतो? नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतच्या घाटरस्त्याने गेल्या वर्षी किती नफा कमावला, असे कोणी विचारले आहे काय? रस्ता सार्वजनिक पैशातून होतो, दर पावसाळ्यानंतर सार्वजनिक पैशातून दुरुस्त होतो, आणि त्यावरून धावणारी टॅक्सी फायद्यात आहे असे आपण म्हणतो, कारण तिच्या ताळेबंदात डोंगर येत नाही. रेल्वेच्या ताळेबंदात मात्र रूळ, भिंती, मोऱ्या आणि प्रत्येक कोसळलेला दगड येतो. दोन पारड्यांत वेगवेगळी वजने घालून केलेली ही तुलना आहे.

आणि खान्देशाने तर हा आक्षेप फार जपून घ्यावा. आमच्याकडे रेल्वे आली ती १८६० च्या दशकात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या भागधारकांना गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. कमाई कमी पडली तर फरक भारताच्या महसुलातून भरला जाई, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या खिशातून. त्या हमीवर दादाभाई नौरोजींसारख्यांनी टीका केली आणि ती रास्त होती, कारण नफा विलायतेत जात होता आणि जोखीम इथल्या शेतकऱ्यावर होती. पण त्या रुळांमुळेच अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या काळात आमचा कापूस मुंबईच्या बंदरात वेगाने पोहोचू लागला, आणि त्याच रुळांनी भुसावळसारखे गाव उभे केले. भुसावळचे यार्ड, तिथले कारखाने, तिथली प्रशिक्षण संस्था, तीन-तीन पिढ्या रेल्वेत असलेली घरे, या सगळ्याच्या मुळाशी सार्वजनिक पैशाने उचललेली जोखीम आहे. ज्या प्रदेशाचे अर्धे शहरपण अशा हमीवर उभे राहिले, त्या प्रदेशातल्या माणसाने डोंगरावरच्या आठ-दहा डब्यांच्या खर्चावर बोट ठेवताना आपला इतिहास आठवायला हवा.

तरीही या आक्षेपाचे एक रूप असे आहे की ते मला स्वस्थ बसू देत नाही. जामनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, ज्याच्या गावाला अजून सकाळची एसटी वेळेवर मिळत नाही, त्याने मुंबईकरांच्या सुटीसाठी पैसे का द्यावे? हा प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याला वारशाचे नाव घेऊन उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर भाड्यात आहे. पर्यटकाकडून पुरेपूर पैसे घ्यावेत. डोंगर पाहायला आलेला माणूस एका जेवणावर जेवढे खर्च करतो तेवढे तिकीट त्याला जड नाही. माथेरानच्या रहिवाशाला, तिथे कामाला येणाऱ्या खालच्या वाड्यांमधल्या ठाकूर आणि कातकरी माणसांना, विद्यार्थ्यांना आणि माल नेणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र साध्या पॅसेंजरच्या दराने जाता आले पाहिजे. सार्वजनिक पैसा जो लागेल तो त्या दुसऱ्या गटासाठी लागावा. मग जामनेरच्या शेतकऱ्याला सांगता येईल की तुझा पैसा कोणाच्या सहलीवर गेला नाही, तुझ्यासारख्याच अडवळणाच्या गावातल्या माणसाच्या ये-जा करण्यावर गेला, आणि तुझ्या गावालाही त्याच न्यायाने गाडी मिळाली पाहिजे.

सुरक्षिततेचा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग उखडला गेला आणि २००७ पर्यंत बंद राहिला. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याच्या घटना लागोपाठ घडल्या आणि गाडी थांबवली गेली. शटल २०१७ च्या अखेरीस आणि पूर्ण मार्ग २०१८ च्या जानेवारीत सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून नेले, आणि नेरळहून वर जाणारी गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. सतरा वर्षांत तीनदा दीर्घकाळ बंद पडलेल्या साधनावर गावाने विसंबावे तरी कसे, असे कोणी विचारले तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की डोंगर कोसळतो तेव्हा तो रूळ आणि डांबर असा भेद करत नाही. २०१० मध्ये दार्जिलिंगच्या वाटेवर पागलझोऱ्याला दरड कोसळली तेव्हा छोट्या गाडीबरोबर शेजारचा महामार्गही गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये सिमल्याजवळ समर हिलला मातीचा लोंढा आला आणि कालका-सिमला मार्गाचे रूळ अधांतरी लोंबकळताना साऱ्या देशाने पाहिले. त्याच पावसाळ्यात हिमाचलमधले रस्तेही ठिकठिकाणी तुटले होते. सिमल्याचा मार्ग काही महिन्यांत पूर्ववत झाला आणि माथेरानला तीन वर्षे लागली, या फरकाकडे मी बोट दाखवीन. जिथे गाडीला गरज मानले जाते तिथे दुरुस्ती लवकर होते आणि जिथे तिला शोभेची वस्तू मानले जाते तिथे दुरुस्तीची फाइल मागे पडत जाते. गाडी बंद राहते म्हणून ती निरुपयोगी ठरते आणि निरुपयोगी ठरल्यामुळे ती आणखी बंद राहते, हे चक्र पीजेच्या शेवटच्या वर्षांत आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सगळ्यात गंभीर आवाज मात्र माथेरानमधल्या लोकांचाच आहे, आणि बाहेरच्या माणसाने तो मान खाली घालून ऐकला पाहिजे. तुमच्या शांततेच्या हौसेपायी आमच्या आजाऱ्यांनी हातगाडीवरून का जावे, असे ते विचारत आले. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा तिथे स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके चालली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हा आदेश यायला फार उशीर झाला. ई-रिक्षा आली म्हणून माथेरानचे पावित्र्य भंगले असे म्हणणाऱ्यांशी माझे अजिबात जमणार नाही. जी शांतता दुसऱ्याच्या खांद्यावर आणि फुटलेल्या तळव्यांवर उभी असते, ती मला नको आहे. पण ई-रिक्षा आली म्हणून गाडीची गरज संपली, हा पुढचा निष्कर्ष मला मान्य नाही. रिक्षांची संख्या वाढवत नेली की लाल मातीचे रस्ते टिकणार नाहीत, मग ब्लॉक आणि काँक्रीट येईल, मग रस्ता पक्का झालाच आहे तर मालाचा टेम्पो का नको, असा प्रश्न येईल, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणे कोणालाच जमणार नाही. ब्लॉक टाकण्यावरून तिथे झालेला वाद न्यायालयापर्यंत गेलाच होता. मे महिन्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी मोटारींची रांग लागते, तेव्हा थंड हवा खायला आलेली माणसे धूर खात तासन्‌तास बसून असतात. तिथेही सुरुवात एखाद्या सोयीनेच झाली असणार. माथेरानमध्ये घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा आणि स्थानकापासून पुढे गाडी, अशी विभागणी राहिली तरच थोड्या रिक्षांवर भागेल. गाडी जितकी नियमित, तितक्या रिक्षा कमी लागतील.

आता वारसाप्रेमींकडे वळतो, कारण त्यांच्याशी माझे भांडण अधिक जिव्हाळ्याचे आहे. दार्जिलिंगच्या रेल्वेला युनेस्कोने १९९९ मध्ये, निलगिरीच्या रेल्वेला २००५ मध्ये आणि कालका-सिमला मार्गाला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. माथेरानचे नाव अजून संभाव्य यादीत आहे. तो दर्जा मिळावा म्हणून आपल्याकडे जी तळमळ दिसते ती मी समजू शकतो, पण दर्जा मिळाल्यावर गाडीचे काय होते ते दार्जिलिंगला जाऊन पाहावे. १८८१ साली सुरू झालेला तो मार्ग सिलिगुडीच्या मैदानातून माणसे, चहा आणि धान्य वर-खाली नेत असे. रस्ता सुधारला तसा माल ट्रककडे गेला आणि माणसे जीपकडे गेली. आज तिथल्या गाडीचे मुख्य आकर्षण दार्जिलिंग ते घूम ही जाऊन-येऊन फेरी आहे; पर्यटक बसतात, बतासियाच्या वळणावर छायाचित्रे काढतात आणि परत येतात. दार्जिलिंगचा शिक्षक किंवा दुकानदार रोज त्या फेरीने जात नाही, तो जीपची वाट पाहतो. ही गाडी वाचली खरी, पण तिचे गाव तिच्यातून उतरून गेले. निलगिरीकडे चित्र थोडे वेगळे आहे. मेट्टुपालयम ते कुन्नूर या दातेरी रुळांच्या खड्या चढावर दिवसाला एकच गाडी जाते-येते, पण कुन्नूर ते उटी या भागात त्याहून अधिक फेऱ्या आहेत आणि साध्या तिकिटावर जाता येते. माथेरानने अनुकरण करायचे तर निलगिरीच्या या वरच्या भागाचे करावे. काचेचे छप्पर, वातानुकूलित डबा, डब्यातला खास पाहुणचार या गोष्टींना माझा विरोध नाही, त्यातून पैसे येत असतील तर जरूर करा. पण अमन लॉजहून शाळेच्या वेळेला सुटणाऱ्या आणि शाळा सुटल्यावर परतणाऱ्या शटलवर त्यांची किंमत काढली जाऊ नये.

म्हणूनच पीजेला माथेरानसारखी पर्यटकांची गाडी करून जपा ही आमच्याकडची मागणी मला पटली नाही, जरी ती करणाऱ्यांपैकी कित्येक जण माझ्या घरचेच आहेत. माझे आजोळ शेंदुर्णीचे. कार्तिकीला त्रिविक्रमाच्या यात्रेला जाताना पाचोऱ्याच्या त्या बुटक्या फलाटावर आम्ही तासभर आधी जाऊन बसायचो, आणि गाडी वरखेडीला थांबली की मामा खाली उतरून पाणी भरून परत चढायचे, इतका वेळ गाडीला आणि आम्हाला असायचा. त्या गाडीचा हुंदका देत सुटणारा आवाज माझ्या कानांतून जाणार नाही. पण ज्यांची रोजची गरज ती गाडी होती, त्यांचे काय? दुधाचे कॅन घेऊन पाचोऱ्याला येणारे, कॉलेजात शिकणारी पोरे, सरकारी दवाखान्यात निघालेल्या बाया, मुंबईची गाडी पकडायला पहुरावरून येणारे मजूर, यांना काही वारसा जपायचा नव्हता. त्यांना स्वस्तात आणि वेळेवर पोहोचायचे होते, आणि छप्पन्न किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ घेणारी गाडी त्यांना अखेरीस परवडेनाशी झाली होती. ब्रॉडगेज झाले तर पाचोऱ्याला मुंबईचा मार्ग आणि बोदवडला नागपूरचा मार्ग अशा दोन मुख्य वाटांना जामनेर जोडले जाईल. पहुरापासून अजिंठ्याची लेणी काही फार लांब नाहीत. मोठ्या गाड्या तिथवर आल्या तर परगावच्या माणसालाही उपयोग होईल. हे सगळे नाकारून सपाट रानात एक छोटी गाडी फक्त बसून फिरण्यासाठी चालवायची, आणि जामनेरच्या पोरांनी तिच्याकडे बघत एसटीची वाट पाहायची, याला मी जपणूक म्हणू शकत नाही. जुने इंजिन आणि दोन डबे पाचोऱ्यात सावलीत नीट उभे करावेत, शेंदुर्णीच्या स्थानकाची जुनी इमारत पाडू नये, एवढी माझी त्या बाबतीतली मागणी आहे.

मात्र ब्रॉडगेजच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट गिळून टाकली आहे, आणि ती बोलून दाखवणे भाग आहे. पीजे मोलाची होती ती तिच्या रुळांमुळे नव्हे, तिच्या थांब्यांमुळे. ती लहान गावांना थांबायची. फलाट नसेल तिथेही बाया हात धरून एकमेकींना वर ओढायच्या. ब्रॉडगेज झाल्यावर जलद गाड्या येतात आणि लहान थांबे एकेक करून गळतात, असे आपण अनेक शाखामार्गांवर पाहिले आहे. विदर्भात शकुंतला ही अरुंद रुळांवरची गाडी बंद पडली तेव्हाही मोठा मार्ग होणार एवढेच लोकांना सांगितले गेले. मधल्या गावांनी त्या काळात प्रवास कशाने करायचा, हे कोणी बोललेच नाही. मग मोठे रूळ आले आणि गाडी आपल्या शिवारातून न थांबता गेली, तर वरखेडीच्या माणसाने त्याला विकास का म्हणावे? जामनेरच्या नावाने ज्यांनी माथेरानच्या तोट्याचा हिशेब मांडला, त्यांनी हा हिशेबही मांडायला हवा होता. माथेरानला जी मागणी मी करतो तीच मी इथे करतो आहे: गाडी कोणासाठी, आणि ती कुठे थांबणार, हे आधी लिहून द्या.

आमच्या सातपुड्यातल्या तोरणमाळाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तिथे रेल्वे कधी गेली नाही आणि जाणारही नाही. सात पायरीच्या घाटातून वळणे घेत रस्ताच वर जातो. महाशिवरात्रीच्या यात्रेला तिथे जी गर्दी होते ती बाजूला ठेवली तर यशवंत तलावाचा काठ अजून बराचसा शांत असतो. पर्यटन वाढवा म्हणून नंदुरबारकडे जे आवाज उठतात त्यांत तिथल्या आदिवासी गावांचे भले असू शकते, मी त्याच्या विरोधात नाही. पण मोटारी कुठे थांबतील, हे गर्दी येण्यापूर्वी ठरवता येते आणि गर्दी आल्यावर ठरवता येत नाही, हे माथेरानकडून तोरणमाळाने घेण्यासारखे आहे. आजच तलावापासून दोन किलोमीटर अलीकडे नाका ठरवला आणि तिथून वर गावातल्याच पोरांच्या हातात ई-रिक्षा आणि एखादी छोटी बस दिली, तर पुढच्या पिढीला न्यायालयाचे दार ठोठवावे लागणार नाही.

पीजेच्या ब्रॉडगेजचे काम सुरू आहे आणि त्याच्या भूसंपादनाची, पुलांची, मातीच्या भरावांची चर्चा आमच्याकडे रोज होते. जामनेरच्या नव्या स्थानकाचे चित्रही लोक एकमेकांना दाखवतात. वरखेडीला गाडी थांबणार का, आणि थांबली तर सकाळी किती वाजता, हे मात्र त्या चित्रात कुठेच लिहिलेले नाही. मी ते विचारणारे पत्र गेल्या महिन्यात संबंधित कार्यालयाला पाठवले आहे; पाचोरा आणि जामनेर तालुक्यांतल्या ज्या गावांना पीजे थांबत होती, त्या गावांच्या ग्रामपंचायतींनीही ते स्वतंत्रपणे पाठवावे, अशी माझी विनंती आहे.